पाचोळ्यातली पांढऱ्या पात्यांची अळंबी: ठाणे-नवी मुंबईत ती कशी शोधायची, कशी ओळखायची

पावसाळ्यात येऊरला जाणाऱ्यांच्या डोळ्यांत भरतात त्या मोठ्या अळंब्या. वारुळाशेजारी उगवलेल्या, नाहीतर पडलेल्या ओंडक्यावर थरावर थर चढवून बसलेल्या. पाचोळ्यातली चिमुकली अळंबी मात्र पायाखाली जाते. टोपी नखाहून लहान, दांडा दोऱ्याएवढा बारीक, आणि टोपीखाली डोकावलं तर स्वच्छ पांढऱ्या, एकमेकींपासून सुट्या पात्या. शास्त्रात या पात्यांना गिल्स म्हणतात. बीजाणू तयार होतात ते त्यांच्याच पृष्ठभागावर.

ही अळंबी ओळखायची असेल तर आधी ती कशावर उगवली आहे ते बघा, मग तिच्याकडे बघा. टोपीचा रंग सततच्या पावसाने उतरतो, वय झालं की फिकट होतो. पण ती सागाच्या पानावर होती, बांबूच्या काडीवर होती की सरळ मातीतून वर आली होती, ही गोष्ट बदलत नाही. दर पावसाळ्यात ‘ही कोणती अळंबी?’ असे फोटो फोनवर फिरतात आणि त्यांतल्या बहुतेकांत अळंबी तळहातावर ठेवलेली असते. नावापर्यंत नेणारा सगळ्यात मोठा धागा तोवर जंगलातच राहिलेला असतो.

शोधायचं कोणाला

या लेखातली मुख्य अळंबी म्हणजे मॅरास्मियस. ही एकच जात नाही, जवळच्या अनेक जातींची मिळून मोठी प्रजाती (जीनस) आहे आणि उष्ण प्रदेशांत तिच्या पुष्कळ जाती आढळतात. काहींच्या टोप्या पांढऱ्या, काहींच्या नारिंगी, काहींच्या गर्द गुलाबी-लाल. लाल टोपीची मॅरास्मियस हेमॅटोसेफॅलस फोटो काढणाऱ्यांची लाडकी, कारण वरून लालजर्द टोपी आणि खाली पांढऱ्या पात्या. टोपी कोणत्याही रंगाची असली तरी पात्या साधारण पांढऱ्या किंवा फिक्या, विरळ, आणि दांडा चिवट, बहुधा खालून काळपट, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा.

एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी ही प्रजाती वेगळी मांडली, तेव्हा तिच्या एका गुणावर त्यांनी भर दिला: ही वाळते, पण सडत नाही. उघडीप पडली की आक्रसून सुरकुतते आणि पाऊस आला की पुन्हा टोपी पसरते. हा गुण आपल्याला पुढे ओळखीसाठी फार उपयोगी पडणार आहे.

कधी जायचं

ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तरी पहिल्या सरीबरोबर जंगलात धावू नका. उन्हाळाभर कोरडा पडलेला पाचोळा आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. पानांतलं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचं जाळं, जागं होतं, पसरतं, आणि मगच टोप्या वर येतात. जून संपता संपता सुरुवात होते, जुलै-ऑगस्टमध्ये बहर असतो, आणि सप्टेंबरमध्येही पाऊस टिकला तर चांगलं दिसतं.

बहराच्या दिवसांतही मुहूर्त असतो. मुसळधार पाऊस चालू असताना चिखल उडून टोप्या माखतात, नाजूक अळंब्या मोडतात, आणि फोनची काच पुसण्यातच वेळ जातो. दोन-तीन दिवस चांगला पाऊस होऊन तो जरा ओसरला, आभाळ अजून भरलेलंच आहे, अशी सकाळ निवडा. साडेसात ते अकरा ही वेळ उत्तम. दुपारी दोन तास ऊन पडलं तरी पाचोळ्याचा वरचा थर सुकतो आणि मॅरास्मियस मिटते. ती तिथेच असते, पण दिसत नाही.

कुठे जायचं

ठाणेकरांसाठी पहिलं नाव येऊरचं. उपवन तलावाकडून वर जाणारा रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडच्या जंगलात नेतो. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. येऊरच्या बाजूला साग, ऐन, कुडा, पळस, काटेसावर आणि बांबू अशी मिश्र पानगळीची झाडी आहे. पानगळीचं जंगल आपल्याला हवंच असतं. जानेवारीपासून मेपर्यंत गळलेलं पान जमिनीवर साठतं आणि पावसाळ्यात तेच अळंबीचं अन्न होतं. घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला असलेलं नागल्याचं जंगलही याच उद्यानाचा भाग आहे.

नवी मुंबईत पारसिकचा डोंगर, घणसोलीच्या मागचा गवळीदेव आणि खारघरच्या टेकड्या आहेत. यांतले बरेच उतार उघडे, गवताळ आहेत. तिथे वेळ घालवू नका. ओढ्याच्या काठाने जिथे झाडं दाटली आहेत तोच पट्टा धरा. पनवेलपुढे मुंबई-गोवा महामार्गावरचं कर्नाळा पक्षी अभयारण्य हे या भागातलं अधिक दाट, अधिक ओलसर जंगल. पक्षी बघायला गेलात तर पायवाटेच्या कडेचा पाचोळाही बघत चला.

आणि घराजवळचं विसरू नका. जुन्या वसाहतीत पर्जन्यवृक्षांखाली, शाळेच्या कुंपणाच्या आतल्या कोपऱ्यात, सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत जिथे झाडू पोचत नाही तिथे, पाचोळा दोन पावसाळे टिकला असेल तर चिमुकल्या पांढऱ्या टोप्या हमखास येतात. जागेवर बसून रोज पाहायचं असेल तर घराजवळची जागा जंगलापेक्षाही चांगली.

निघण्याआधी एक काम करा. पावसाळ्यात धबधबे, ओढे आणि काही वाटांवर प्रवेशबंदी लागू होते. खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी माणसं बुडाली आहेत, म्हणून ही बंदी असते. येऊरच्या फाटकावर किंवा वनखात्याच्या चौकीवर विचारा, ज्या वाटेवर परवानगी आहे तीच धरा. अळंबी बघायला आत खोल शिरावं लागतच नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मीटरांत सगळा खजिना असतो.

बरोबर काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, गळ्यात अडकवायच्या दोरीसह. दातांचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांडीचा छोटा आरसा. वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. पंधरा सेंटिमीटरची पट्टी. पेन्सिल आणि जाड पानांची वही, कारण भिजल्या हाताने पेन चालत नाही. पाण्याची फवारणीची लहान बाटली. बसायला जाड प्लास्टिकचा तुकडा. मॅक्रो फोटो काढणारा फोन असला तर फारच छान, नसला तरी भिंग लेन्ससमोर धरून काम भागतं.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, घोट्यावर चढणारे बूट. पाचोळ्यात फुरसं आणि घोणस बसतात, बांबूच्या बेटात हिरवा चापडा फांदीवर डोळ्यांच्या उंचीला असू शकतो. म्हणून नियम ठेवा: आधी काठीने पाचोळा हलका थापटायचा, मग बसायचं, आणि न दिसणाऱ्या जागी हात कधीच घालायचा नाही. या जंगलात बिबट्या आहे, तेव्हा उजेड मावळायच्या आत बाहेर पडायचं आणि लहान मुलांना मागे-पुढे सुटं सोडायचं नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका, पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका खरा असतो.

पाचोळा वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक हात लांब, एक हात रुंद एवढी जागा निवडा आणि तिथेच बसा. चालत चालत शोधणाऱ्याला मोठ्या अळंब्या सापडतात, लहान सापडतात त्या बसणाऱ्याला.

पाचोळ्याचे तीन थर असतात. वर या वर्षीची पानं, अजून अखंड, तपकिरी, ओळखू येणारी. त्याखाली गेल्या वर्षीची, मऊ पडलेली, एकमेकांना चिकटलेली. एक उचललं की चार येतात, कारण मधून पांढरे तंतू गेलेले असतात. हे तंतू म्हणजे कवकजाल, खरी बुरशी. वर दिसणारी अळंबी म्हणजे त्या बुरशीचं फळ. तिसरा थर काळा, भुसभुशीत, मातीत मिसळलेला, जिथे पान कुठलं होतं ते सांगता येत नाही. मॅरास्मियसचं घर मुख्यतः पहिल्या दोन थरांत.

आता दुसऱ्या थरातलं सागाचं एक पान हलक्या हाताने उजेडात धरा. ते सारखं तपकिरी नसतं. मधेच फिकट, जवळजवळ पांढुरके डाग दिसतात आणि डागाच्या कडेला बारीक काळी रेघ. फिकट डागात बुरशीने पानातलं लिग्निन खाल्लेलं असतं. पानाला आणि लाकडाला ताठपणा देणारं, तपकिरी रंग देणारं हे द्रव्य फोडणं फार थोड्या सजीवांना जमतं. आपली चिमुकली अळंबी त्यांतली एक. ती विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, लिग्निन तुटतं, पान फिकटतं आणि मऊ होतं. काळी रेघ ही बऱ्याचदा हद्द असते: एका बाजूला एक बुरशी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि दोघींनी आपापल्या शिवेवर घातलेलं कुंपण. एका पानावर असे तीन-चार भाग दिसले तर समजा की त्या एका पानाची वाटणी तेवढ्या जणींत झाली आहे.

पान परत होतं तसंच, होतं तिथेच ठेवा. खालच्या ओलाव्याबाहेर ते काही मिनिटंही उघडं राहिलं तर तंतू सुकतात.

मग प्रश्न विचारत जा आणि उत्तरं वहीत लिहा. अळंबी पानावर आहे की काडीवर? पानावर असेल तर शिरेवर, देठावर, की पानाच्या पसरट भागावर? काही जाती मधल्या शिरेवरच रांगेने उगवतात. पान कोणत्या झाडाचं? वर मान करून झाड बघा, सागाचं मोठं खरखरीत पान आणि ऐनाचं पान यांत गोंधळ होत नाही. काडी असेल तर साल आहे की निघालेली? बांबूची कांडी असेल तर पेराजवळ की मधे? दांडा पानात थेट घुसतो, की खाली पांढरी कापसासारखी गादी आहे? थेट घुसत असेल तर मॅरास्मियसकडे कल ठेवा. आणि दांड्याजवळून काळे, चकचकीत, टोपी नसलेले केस निघून शेजारच्या पानांवर गेलेत का? हे बुरशीचेच दोर आहेत, तंतूंचे जाड वळलेले जुडगे. उष्णकटिबंधाच्या जंगलांत काही मॅरास्मियस असे दोर झुडपांमध्ये ताणतात आणि वरून पडणारं पान जमिनीवर यायच्या आधीच अडवतात. काही पक्षी तर हेच काळे दोर घरट्यात विणतात.

आता अळंबीकडे बघा

तोडू नका. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तसंही या कामासाठी तोडावं लागत नाही, आरसा त्यासाठीच आणला आहे.

टोपीपासून सुरुवात करा. पट्टी शेजारी धरून रुंदी मोजा. मॅरास्मियसच्या टोप्या काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत असतात. मधोमध खळगा आहे की टेंगूळ? कडेपासून मध्याकडे जाणारे खोल चर दिसतात का? वरून दिसणारा प्रत्येक चर साधारणपणे खालच्या पातीच्या रेषेत असतो. टोपी कोरडी, मखमली वाटते की बुळबुळीत? आतून उजेड आरपार जातो का?

मग आरसा तिरका धरून टोपीखाली सरकवा आणि त्यातलं प्रतिबिंब भिंगातून बघा. पूर्ण लांबीच्या, म्हणजे कडेपासून दांड्यापर्यंत पोचणाऱ्या पात्या मोजा. लहान मॅरास्मियसमध्ये त्या बऱ्याचदा वीसच्या आतबाहेर भरतात, म्हणजे खरोखर हाताने मोजता येण्याइतक्या. हा आकडा वहीत लिहिलाच पाहिजे, कारण नंतर जाती वेगळ्या करताना तो कामाला येतो. पात्यांच्या मधे आडव्या शिरा आहेत का तेही टिपा.

पात्या दांड्याला कशा भेटतात हे बघायला थोडा धीर लागतो. कधी त्या थेट दांड्याला चिकटलेल्या असतात. कधी दांड्याला न शिवता अलीकडेच थांबतात. आणि मॅरास्मियसच्या काही जातींत दांड्याभोवती एक छोटं कडं असतं, पात्या त्या कड्याला जोडलेल्या आणि कडं दांड्यापासून किंचित सुटं. आरशात हे कडं एकदा दिसलं की मॅरास्मियसची खात्री बरीच वाढते.

दांडा बोटाच्या टोकाने हलकेच वाकवा. मॅरास्मियसचा दांडा चिवट, वाकतो आणि सोडला की सरळ होतो. मायसेना नावाची दुसरी चिमुकली प्रजाती याच पाचोळ्यात येते. तिच्या पात्याही पांढऱ्या, पण दांडा पोकळ आणि ठिसूळ. वाकवला की मोडतो, म्हणून जरा बेतानेच. मायसेनाची टोपी घंटेच्या घाटाची, पातळ, अर्धपारदर्शक, आणि ती वाळली की संपली.

शेवटी ती खूण, जिच्यावर फ्रीस यांनी भर दिला. आसपास एखादी सुकून आक्रसलेली टोपी शोधा. उघडिपीच्या दिवशी अशा पुष्कळ मिळतात, काळपट केसाच्या टोकाला सुरकुतलेला ठिपका. तिच्यावर बाटलीतून पाण्याचे बारीक फवारे मारा आणि दुसरं काहीतरी बघत बसा. थोड्या वेळात सुरकुत्या सैल होतात, कड बाहेर येते, चर उमटतात, आणि खाली पांढऱ्या पात्या पुन्हा उभ्या राहतात. नुसता आकार परत येत नाही, ती पुन्हा बीजाणू सोडायला लागते. मुलं बरोबर असतील तर हे त्यांच्या हातून करवा.

ज्यांच्यावरून फसायला होतं

पांढऱ्या पात्या ही एकट्याने पुरेशी खूण नाही. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांना वेगळं करताना पुन्हा जागाच मदतीला येते.

मातीवर, वारुळाच्या आसपास शेकड्यांनी उगवलेल्या पांढुरक्या टोप्या, मध्यावर बारीक टोक: ही बहुधा टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस. वाळवी जमिनीखाली हिची शेती करते. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या त्या शेतातल्या चुऱ्यावर ही उगवते. ती पानावर उगवत नाही आणि तिच्या बीजाणूंचा रंग गुलाबीसर असतो.

कापलेल्या झाडाच्या बुंध्याशी अक्षरशः दाटीवाटीने आलेल्या फिक्या घंटा: कोप्रिनेलस डिसेमिनॅटस. लहानपणी पात्या पांढऱ्या, दोन दिवसांत राखाडी, मग काळ्या.

गुलमोहराच्या, आंब्याच्या पडक्या फांदीवर दांडा नसलेले केसाळ पंखे: शायझोफायलम कम्यून. भिंगातून बघा, प्रत्येक पाती कडेला लांबीने चिरलेली दिसते. नवी मुंबईत वाऱ्याने गुलमोहर मोडला की पुढच्या काही महिन्यांत ही त्यावर दिसणारच.

काडीवर पांढरी टोपी आणि दांडा वर पांढरा, खालून निळसर काळा होत आलेला: टेट्रापायर्गॉस नायग्रिपेस असू शकते. हिचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली चार टोकांचे दिसतात, त्यामुळे प्रयोगशाळेत हिची ओळख चटकन पटते. डोळ्यांनी मात्र ती मॅरास्मिएलस नावाच्या दुसऱ्या चिमुकल्या प्रजातीपासून वेगळी करणं अवघड, वहीत दोन्ही नावं प्रश्नचिन्हासह लिहून ठेवा.

आणि जिच्यापासून सगळ्यात सावध राहायचं ती लेपिओटा. लहान, टोपीवर खवले, दांड्यावर कडं किंवा कड्याचे अवशेष, पात्या पांढऱ्या आणि दांड्यापासून सुट्या, उगवते मातीत किंवा कुजक्या काळ्या थरात. हिच्या काही जाती जीवघेण्या विषारी आहेत. मॅरास्मियसला दांड्याच्या मधोमध असं कडं कधी नसतं.

बीजाणूंचा ठसा

पात्या पांढऱ्या म्हणजे बीजाणू पांढरे असं नाही. खरा रंग ठशातच कळतो. यासाठी अळंबी उचलावी लागते, तेव्हा हे फक्त सोसायटीच्या बागेतल्या किंवा स्वतःच्या जागेतल्या अळंबीवर करा.

अळंबी तिच्या पानासकट किंवा काडीसकट घरी आणा, कागदी पाकिटात, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दांडा टोपीलगत कात्रीने कापा. पारदर्शक काच घ्या. फोनचं जुनं पारदर्शक कव्हरही चालतं. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, आणि काचेखाली आधी काळा, मग पांढरा कागद सरकवून रंग नीट बघता येतो. टोपी पात्या खाली करून काचेवर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा, शेजारी ओल्या कापसाचा बोळा ठेवा आणि सगळ्यावर वाटी पालथी घाला. टोपी एवढी लहान असते की ओलावा नसेल तर तासाभरात मिटते आणि ठसा पडत नाही, म्हणून कापूस विसरू नका. पंखा बंद. रात्रभर राहू द्या.

सकाळी वाटी आणि टोपी सरळ वर उचला. काळ्या कागदावर पात्यांच्या रेषा पांढऱ्या भुकटीत उमटलेल्या दिसतील. पांढरा ठसा म्हणजे मॅरास्मियस, मायसेना, लेपिओटा किंवा पांढऱ्या बीजाणूंची दुसरी कोणीही. गुलाबी, तपकिरी किंवा काळा म्हणजे यांपैकी कोणी नाही. हिरवट आला तर ती क्लोरोफायलम, तिच्याबद्दल पुढे. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी आयोडीनच्या मेल्झर द्रावणात बीजाणू बघावेत. मायसेनाच्या बऱ्याच जातींचे बीजाणू निळसर राखाडी होतात, मॅरास्मियसचे होत नाहीत.

फोटो आणि नोंद

एका अळंबीचे पाच फोटो घ्या. वरून टोपी. आरशातून पात्या. जमिनीच्या पातळीवरून, आडवी, दांडा पूर्ण दिसेल अशी. दांडा पानाला भेटतो तो सांधा, अगदी जवळून. आणि दोन पावलं मागे येऊन आजूबाजूची झाडी. चौथा आणि पाचवा लोक काढत नाहीत, आणि नेमके तेच हवे असतात. मोजमापासाठी पट्टी ठेवा. नसेल तर दहा रुपयांचं नाणं, ते २७ मिलिमीटरचं असतं. फोनचा फ्लॅश थेट मारू नका, फोटोत पांढऱ्या पात्या जळून जातात. एखाद्या सवंगड्याला पांढऱ्या कागदाआडून टॉर्च धरायला सांगा, म्हणजे चरही दिसतात आणि पात्यांचा पोतही.

वहीत तारीख, वेळ, जागा, मागच्या दोन दिवसांचा पाऊस, कशावर उगवली, कोणत्या झाडाखाली, एकटी की घोळक्यात, टोपीची रुंदी, पात्यांची संख्या, दांड्याचा रंग वर आणि खाली. वासही लिहा, काही जातींना कुजक्या कोबीचा किंवा लसणाचा वास येतो.

ही माहिती आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर जाणकार नावाच्या जवळ नेतात. नाव ‘मॅरास्मियस’ एवढ्यावर थांबलं तरी नाराज होऊ नका. जातीपर्यंतचं नाव बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाशिवाय, कधी जनुकांच्या तपासणीशिवाय ठरत नाही. प्रजाती, झाड, जागा आणि तारीख एवढं नीट नोंदलं असेल तर ती नोंद अभ्यासकाच्या कामाची असते. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव लक्षात ठेवावं. तिथे आजरेकर यांच्या नावाने कवकांचा जुना संग्रह जतन केला आहे.

खायची का?

नाही. मॅरास्मियस खाण्यासारखी मोठी नसतेच, पण प्रश्न तिचा नाही. प्रश्न तिच्यासारख्या दिसणाऱ्यांचा आहे. लेपिओटाच्या ज्या जातींत अमॅटॉक्सिन असतं, त्यांच्या विषाची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. आधी उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असतं. शिजवून हे विष जात नाही. चांदीचा चमचा, लसूण किंवा तांदूळ काळा पडतो का ही परीक्षा खोटी आहे, तिच्यावर विसंबून माणसं गेली आहेत.

शहरात आणखी एक धोका हिरवळीवर असतो. सोसायटीच्या लॉनवर, मैदानात गोल रिंगण करून उगवणारी मोठी पांढरी छत्री ही बऱ्याचदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असते. कोवळेपणी हिच्याही पात्या पांढऱ्या, नंतर हिरवट. खाल्ली तर काही तासांत प्रचंड उलट्या. लहान मूल आणि पाळलेला कुत्रा यांच्यासाठी लॉनवरच्या अळंब्या सकाळीच काढून टाकलेल्या बऱ्या.

येऊरच्या पाड्यांवरचे आदिवासी काही अळंब्या ओळखून खातात. ती ओळख घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेली असते, एका ठरावीक जागेची, एका ठरावीक आठवड्याची. ती फोटो बघून उसनी घेता येत नाही.

कोणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि उरलेली अळंबी, सालं, अगदी ताटातला तुकडासुद्धा कागदात गुंडाळून बरोबर द्या.

सोसायटीत एक कोपरा

दरवर्षी जंगलात जायला जमेलच असं नाही, म्हणून हे जरूर करा. बागेच्या मागच्या बाजूला, सावलीत, एक चटईएवढी जागा माळीदादांना आणि कमिटीला सांगून राखून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेली पानं आणि बोटाएवढ्या काड्या तिथे वीतभर उंच पसरा. आंबा, जांभूळ, पर्जन्यवृक्ष, बांबू, जे असेल ते, पण कडुनिंबाची पानं थोडी कमीच. वर दोन जाडसर फांद्या आडव्या टाका म्हणजे वाऱ्याने पाला उडत नाही. कीटकनाशक आणि बुरशीनाशक या कोपऱ्यात अजिबात नको. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी शिंपडलं तर उत्तम, पण डबकं होऊ देऊ नका, डास होतात. पाला जाळायचा तर प्रश्नच नाही, घनकचरा नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे.

पहिल्या पावसाळ्यात बहुधा फक्त पांढरे तंतू आणि शायझोफायलम दिसेल. पाला काढू नका, पुढच्या फेब्रुवारीत त्यावरच नवा टाका. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, वरचं पान उचलून त्याखालच्या शिरा भिंगातून तपासा. तोवर कमिटीत कोणी ‘हा कचरा कशाला?’ असं विचारलं तर त्यांच्या हातात भिंग द्या आणि मधल्या थरातलं एक फिकट पडलेलं पान उजेडात धरून दाखवा.